लढवय्याला धार नको, वाट द्या

चौथ्या लेव्हलपर्यंत डंजन्स अँड ड्रॅगन्सचं टेबल बरं चालतं. फायटर पुढे, विझार्ड मागे, रोग (म्हणजे चोर) अंधारात, क्लेरिक सगळ्यांच्या जखमा बांधत. पाचव्या लेव्हलला विझार्डला फायरबॉल आणि फ्लाय मिळतात, आणि दोन-तीन सेशनमध्ये फायटर खेळणारा मुलगा आपली पाळी येईपर्यंत मोबाइल चाळू लागतो. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हे लक्षात येतं. त्याला वाटतं, याला एक जादूची तलवार द्यावी म्हणजे झालं. तलवार दिली जाते, मुलगा एक सेशन खूश असतो आणि पुन्हा मोबाइल बाहेर येतो.

आधी हिशेब मांडू. आकडे २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, कारण अजून बरीच टेबलं त्यावरच चालतात. पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १८, हातात लाँगसोर्ड, समोर आर्मर क्लास १५. वीसपैलू फाशावर आठ किंवा जास्त पडलं की वार लागतो, म्हणजे ६५ टक्के वेळा. एका वाराचं सरासरी नुकसान साडेआठ. वार दोन. एका राउंडला साधारण अकरा पॉइंट. आता विझार्ड. फायरबॉल म्हणजे आठ सहापैलू फासे, सरासरी २८. सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, जमलेल्यांना निम्मं लागतं हे धरलं तरी प्रत्येकी २३ पडतात. चार लुटारू एका जागी उभे असले तर नव्वदच्या वर. (लुटारूचे हिट पॉइंट मुळात अकराच असतील तर त्यातले निम्मे वायाच जातात, पण टेबलावर तो हिशेब कुणी करत नाही, चार एकदम पडले एवढंच दिसतं.)

तलवारीवर प्लस वन चढवला तर काय होतं? लागण्याची शक्यता ७० टक्के, वार साडेनऊचा. राउंडला अकराचे तेरा. वीस टक्क्यांची वाढ झाली खरी, पण नव्वदशेजारी तेरा आणि अकरा यांत फरक कुणाला जाणवणार?

तरीही खेळ बांधणाऱ्यांनी डोळे मिटून हे केलेलं नाही. विझार्डकडे पाचव्या लेव्हलला तिसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे तसे स्पेल टाकायच्या खेपा, दोनच असतात. शॉर्ट रेस्टमध्ये आणखी एक परत मिळवता येतो. फायटरची तलवार संपत नाही. २०१४च्या डीएम गाइडचा अंदाज असा होता की दोन लाँग रेस्टच्या मध्ये सहा ते आठ लढाया होतील. दिवसाला तीन-तीन राउंडच्या सहा लढाया धरा. विझार्ड तीन फायरबॉल टाकून मग स्लॉट न लागणाऱ्या फायरबोल्टवर दिवस काढतो, फायटर प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर अ‍ॅक्शन सर्ज वापरून जादा वार करतो. दोघांतला फरक पावणेदोनपटीच्या आत येतो. दिवसाला एकच लढाई झाली तर तोच फरक चौपटीच्या वर जातो. म्हणजे असमतोल निम्मा क्लासमध्ये असतो आणि निम्मा डीएमच्या वेळापत्रकात.

आमच्या डहाणूकडच्या टेबलांचं गणित इथेच बिघडतं. चौघांतला एक विरारकडून आलेला असतो, एक उंबरगावहून, एक तलासरीहून दुचाकीवर. २०१३पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते ही सोय झाली, पण परत जायची लोकल चुकवून चालत नाही. त्यामुळे सेशन अडीच-तीन तासांचं. त्यात गप्पा, चहा, मागच्या वेळी काय झालं होतं याची उजळणी, आणि एक लढाई. लढाई संपली की कोणीतरी म्हणतं, "चला, रात्री झोपलो, पुढचं पुढच्या वेळी." झोपले म्हणजे लाँग रेस्ट झाली, विझार्डचे सगळे स्लॉट भरले. पुढच्या वेळी पुन्हा एकच लढाई, पुन्हा दोन फायरबॉल. ज्या नियमांनी सहा लढायांचा दिवस गृहीत धरला, त्यांना आपण एका लढाईचा दिवस देतो आणि दोष विझार्डला लावतो.

यावर उपाय फुकटचा आहे. सेशन संपलं म्हणजे गोष्टीतला दिवस संपला, हे समीकरण मोडा. निघण्याआधी प्रत्येकाच्या शीटचा फोटो ग्रुपवर टाकायला लावा: किती स्लॉट उरले, किती हिट पॉइंट. पुढचं सेशन त्याच दुपारी, त्याच पायवाटेवर सुरू. तीन सेशन मिळून एक दिवस झाला तरी बिघडत नाही.

दुसरं, लाँग रेस्टला जागेची अट घाला. आमच्याकडचा नकाशाच त्यासाठी सोयीचा आहे: पश्चिमेला समुद्र आणि डहाणूची खाडी, मग चिकूच्या वाड्या, मग चारोटी-कासा, मग पूर्वेकडे चढत जाणारं जंगल आणि गंभीरगड. नियम असा करा की रानात रात्र काढली तर शॉर्ट रेस्टचाच फायदा. लाँग रेस्ट हवी तर एखाद्या पाड्याने तुम्हाला आसरा द्यायला हवा. मग पाड्यातल्या लोकांशी नीट बोलण्याला अचानक किंमत येते. ज्या फायटरचा करिष्मा आठ आहे त्यालाही विहिरीतला गाळ काढून किंवा पडलेलं कूड उभं करून सगळ्यांसाठी झोप कमावता येते. डीएम गाइडमध्ये याहून कडक पर्याय छापलेला आहे, शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. तोही चालतो, पण तरुण खेळाडू कुरकुरतात. पाड्याची अट ते निमूट मान्य करतात, कारण ती गोष्टीतून येते.

एवढं केलं की लढाईतला असमतोल बराच आटोक्यात येतो. खरं दुखणं लढाईत नसतंच. पाचव्या लेव्हलनंतर विझार्ड उडतो, नवव्याला ठरलेल्या जागी क्षणात पोचवणारं वर्तुळ काढतो, तेराव्याला टेलिपोर्ट. क्लेरिक मेलेल्याला उठवतो. ड्रुइड पक्षी होऊन गडाची टेहळणी करून येतो. फायटर मात्र पहिल्या लेव्हलला जसा दारापाशी उभा होता तसाच विसाव्या लेव्हललाही उभा असतो, फक्त आता तो दारापाशी चार वार करू शकतो. कडा, नदी, बंद दरवाजा, दूरचं गाव, खोटं बोलणारा सावकार, यांतल्या कशावरही नियमांनी त्याला उत्तर दिलेलं नाही. म्हणून त्याला धार वाढवून देण्यात अर्थ नाही. त्याला वाट द्या: अशी वस्तू, जिच्यामुळे लढाई नसलेल्या प्रसंगात सगळे त्याच्याकडे वळून बघतील.

जादूच्या वस्तूंनी तोल साधायची कल्पना खेळाइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४चा मूळ खेळ तीन क्लासवर उभा होता: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी ग्रेहॉक पुरवणीत आला. मांत्रिकाला दुसऱ्या लेव्हलला जायला २५०० अनुभव-गुण लागत, लढवय्याला २०००, धर्मगुरूला १५००. आणि जादूची तलवार फक्त लढवय्यालाच चालवता येई. त्या तलवारी नुसत्या धारदार नव्हत्या. काहींना बुद्धी होती, काही बोलत, काही गुप्त दारं किंवा लपलेला खजिना ओळखत. म्हणजे लढवय्याला वाट देणं ही आद्य कल्पना होती. पुढे २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक वस्तूला किंमत लागली, दुकानातून वस्तू विकत घ्यायची सवय लागली आणि पात्रं डोक्यापासून पायापर्यंत प्लसनी मढली. २००८च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या क्लासना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या. तोल आला, पण अनेकांना सगळे क्लास सारखेच वाटू लागले. पाचवीने वस्तू ऐच्छिक केल्या आणि एका पात्राला जास्तीत जास्त तीन वस्तूंशी अट्यूनमेंट (वस्तूची जादू चालावी म्हणून तिच्याशी जुळवलेलं नातं), अशी मर्यादा घातली. ती मर्यादा मोडू नका. सगळ्या नियमांत तोलासाठी सर्वांत उपयोगी ओळ तीच आहे.

वस्तू निवडताना पुस्तकातल्या दुर्मीळतेच्या पाट्यांवर विसंबू नका. प्लस वन तलवार अनकॉमन आणि उडणारा झाडूही अनकॉमन. झाडूला अट्यूनमेंटसुद्धा लागत नाही. एक वस्तू वीस टक्के भर घालते, दुसरी तुमची अर्धी साहसं निकालात काढते. झाडू द्यायचाच असेल तर तो विझार्डच्या हातात जाणार नाही एवढं बघा. त्याच्याकडे फ्लाय आहेच.

आता प्रत्यक्ष वस्तू. पुस्तकातली नावं बदलून स्थानिक मुलामा देण्यापेक्षा इथल्याच जिनसांतून वस्तू घडवल्या तर खेळाडूंना त्या कशा वापरायच्या हे सांगावं लागत नाही.

बांबूची काडी घ्या. वारली चित्रं काढताना टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग वापरतात, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. वस्तूचा नियम असा: गेरूने सारवलेल्या किंवा मातीच्या भिंतीवर या काडीने जे काढाल ते दहा मिनिटं खरं होतं. शिडी काढली तर चढता येतं, दार काढलं तर पलीकडे जाता येतं, पक्षी काढला तर निरोप घेऊन जातो. जिवंत माणूस आणि हत्यार काढता येत नाही. तीन वेळा चालते, पुन्हा भरत नाही. आणि ज्याच्याकडे एकही स्पेल स्लॉट नाही त्याच्याच हातात ती रेघ उमटते. शेवटची अट १९७४च्या तलवारीवरून उचललेली आहे. या एका वस्तूने रोग किंवा बार्बेरियन खेळणाऱ्याला असा प्रश्न मिळतो, जो आजवर फक्त विझार्डला पडत होता: आत्ता वापरू की जपून ठेवू? त्याला कधी काढायला सांगू नका. भिंत दाखवा आणि गप्प बसा. (लग्नातला चौक, त्यातली पालघट देवी, हे मात्र यात आणू नका. ते चित्र धवलेरींच्या, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायकांच्या, गाण्यासह, लग्नघरात, विधी म्हणून काढलं जातं. सापळा उघडायला नाही.)

फुंकून वाजवायचा तारपा म्हटला की पहिला मोह तो बार्डला द्यायचा. देऊ नका. बार्ड आधीच पूर्ण स्पेलवाला आहे. बार्बेरियनला द्या. तारपा नाचात नाचणारे वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत, त्यातून नियम निघतो: वाजवणारा वाजवत असेपर्यंत हल्ला करू शकत नाही, पण तीस फुटांतला जो शत्रू विझ्डम सेव्ह चुकेल त्याला वाजवणाऱ्याकडे पाठ करता येत नाही. तो पळू शकत नाही, आणि मागून येणारा रोग त्याला दिसत नाही. रोगला स्नीक अटॅक मिळतो, विझार्डला शत्रू एका जागी खिळलेले मिळतात, आणि हे सगळं घडवणारा असतो तो माणूस, ज्याच्याकडून आजवर फक्त "मी रागावतो आणि मारतो" एवढंच ऐकलं होतं. एकाच्या शीटवरची वस्तू दुसऱ्याचा डाव खुलवते तेव्हा ती कोणाला मिळाली यावरून रुसवेफुगवे होत नाहीत. एकदा वाजवला की लाँग रेस्टपर्यंत पुन्हा नाही, एवढी मर्यादा पुरते.

कोयता फायटरसाठी. त्याला प्लस काही नको. २०१४च्या नियमांत वेअरवुल्फसारख्या कित्येक राक्षसांवर साध्या हत्याराचा परिणामच होत नाही, तेव्हा तो जादूचा गणला जावा एवढं पुरे. वर एक वाट जोडा: या कोयत्यापुढे वेल, दोर, जाळं, बांधलेली गाठ, यांतलं काहीही टिकत नाही, मग ते जादूने विणलेलं का असेना. शत्रूच्या विझार्डने वेब टाकलं आणि फायटरने एका वारात सगळ्यांना मोकळं केलं, की तो प्रसंग दोन महिने सांगितला जातो.

चौथी वस्तू कुणा एकाची नाही, सगळ्या टोळीची: भाताची कणगी. दिवसातून एकदा हवं तेवढं धान्य देते, पण काढणारा स्वतः जेवला की त्या दिवसापुरती रिकामी. महाभारत ऐकलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. सूर्याने युधिष्ठिराला दिलेली थाळी द्रौपदीचं जेवण होईपर्यंतच अन्न देत असे, आणि नेमकी ती जेवल्यावर दुर्वास शिष्यांसह दारात आले. त्या अटीशिवाय ती गोष्ट घडलीच नसती. वस्तूची शक्ती लिहायला तुम्हाला पाच मिनिटं लागतील. अर्धा तास अटीवर घालवा.

महाभारतात याहून उपयोगी धडा कर्णाचा आहे. कवचकुंडलं ही न संपणारी, सतत चालू असलेली वस्तू. ती अंगावर असेतो कर्णाविरुद्ध कोणतीही लढाई रचणं अवघड. इंद्राने ती मागून घेतली आणि बदल्यात दिली शक्ती: अमोघ, पण एकदाच सुटणारी. टेबलाच्या दृष्टीने हा फार शहाणा सौदा आहे. वस्तू काढून घेतली, पण मोबदला देऊन आणि खेळाडूच्या संमतीने. आणि नव्या वस्तूने कर्णापुढे दर दिवशी एक निर्णय उभा केला. ती त्याने अर्जुनासाठी राखली होती. रात्रीच्या युद्धात घटोत्कचाने सैन्य उद्ध्वस्त करायला सुरुवात केली तेव्हा ती तिथे खर्ची पडली. तुमच्या टेबलावर एखादी वस्तू जड झाली असेल तर नियम गुपचूप बदलू नका, चोराकरवी पळवूही नका. खेळाडूला बाजूला घेऊन सांगा की ही सतत चालणारी वस्तू मला एकदाच चालणाऱ्या मोठ्या वस्तूत बदलायची आहे. दहापैकी आठ जण आनंदाने हो म्हणतात. उरलेल्या दोघांना वस्तू राहू द्या आणि त्यांच्यापुढे घटोत्कच उभा करा.

विझार्डला काय द्यायचं? काहीच नाही, असं करू नका. मग तो रुसतो, आणि त्याचंही बरोबर असतं. त्याला स्लॉट वाढवणाऱ्या किंवा सेव्हचा आकडा चढवणाऱ्या वस्तू देऊ नका. त्याऐवजी स्पेलची पोथी द्या, तीही लढाईबाहेरच्या स्पेलची. किंवा एखादी भाषा वाचून देणारं भिंग. त्याचं कुतूहल भागतं आणि फायरबॉल होता तिथेच राहतो. क्लेरिक आणि ड्रुइडचंही तेच.

देवांबद्दल एक गोष्ट ठाम सांगतो. विवळवेढ्याची महालक्ष्मी, वाघोबा, कणसरी यांचं स्टॅट ब्लॉक बनवू नका. टेबलावर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरात वाघबारस पाळली जाते. चैत्र पौर्णिमेला महालक्ष्मीच्या डोंगरावर रात्री चढणारा ध्वज हा इथल्या लोकांचा जिवंत सण आहे; "ध्वज चोरीला गेला, शोधून आणा" हे साहस सुचायला सोपं आणि खेळायला ओशाळवाणं. (त्या यात्रेच्या दिवसांत सेशन ठेवूही नका, कुणी येत नाही.) बाहरोटच्या गुहेचंही तसंच. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी तिथे बारा वर्षं जपला अशी परंपरा आहे आणि बोर्डी-घोलवडचा इराणी किंवा पारशी मित्र तुमच्या टेबलावर असण्याची शक्यता भरपूर. तिथे राक्षस ठेवू नका. गावातला भगतही पुस्तकातल्या क्लेरिकची नक्कल म्हणून आणू नका. आणायचाच तर बोलणारं, नकार देऊ शकणारं माणूस म्हणून आणा. लढायांसाठी जागा हव्याच असतील तर १७३९मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला डहाणूचा किल्ला आहे, खाडी आहे, गंभीरगड आहे.

गंभीरगडाचा प्रसंग असा रचून बघा. वर पोचायला तीन वाटा: उघडी सोंड, जिच्यावर पहारा आहे, कडा, आणि मातीच्या भिंतीने बुजवलेली जुनी चोरवाट. विझार्ड उडून एकालाच वर नेऊ शकतो आणि त्याचा एक स्लॉट जातो. फायटर कोयत्याने कड्यावरच्या वेली तोडून दोर वळू शकतो. काडीवाला भिंतीत दार काढू शकतो. बार्बेरियनने सोंडेवर उभं राहून तारपा वाजवला तर पहारेकऱ्यांचं लक्ष तिकडेच खिळतं. चारही उत्तरं बरोबर, चारांचीही किंमत वेगळी. वहीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे, ज्या प्रसंगाची गाठ त्याने सोडवली त्याची एक खूण करा. तीन सेशननंतर ज्याच्यापुढे खूणच नाही, पुढची वस्तू त्याची. नुकसानीचे आकडे मोजत बसण्यापेक्षा हा हिशेब जास्त खरा निघतो.

नियमपुस्तकं महाग वाटत असतील तर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत उपलब्ध आहेत. बाराही मूळ क्लास, स्पेल आणि बऱ्याचशा जादूच्या वस्तू त्यात सापडतात. फासे नसतील तर मोबाइलवर टाका.

कॅम्पेन संपत आलं की वस्तू परत मागायलाही लाजू नका. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी अर्जुनासमोर येऊन उभा राहिला आणि गांडीव परत कर म्हणाला. अर्जुनाने धनुष्य आणि अक्षय भाते पाण्यात सोडले. शेवटच्या सेशनला तारपा ज्या पाड्यातून आला तिथे परत देण्याचा प्रसंग खेळाडू लढाईपेक्षा मन लावून खेळतात. काडीचं तसं नाही, ती वापरूनच संपायला हवी. पाचव्या लेव्हलला दिलेली काडी आठव्या लेव्हललाही तशीच शिल्लक असेल तर तुमच्या साहसांत भिंती कमी पडताहेत. पुढच्या सेशनला दोन वाढवा.